ऐकलेले वैद्यक आणि तपासलेले वैद्यक



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त होणाऱ्या व्याख्यानात ग्रंथांविषयी बोलले जावे, ही अपेक्षा रास्त आहे. आजचा विषय मात्र डोळ्यांपेक्षा कानाशी अधिक संबंध असलेला आहे. डॉक्टरांसाठी आणि सर्वसामान्य लोकांसाठी ध्वनिमुद्रित केलेली वैद्यकीय संभाषणे, ज्यांना आता सर्वत्र ‘पॉडकास्ट’ म्हटले जाते, त्यांचा हा विचार आहे. काचीगुडा किंवा सुलतान बाजार परिसरातील मराठी घरात संध्याकाळी फोनवर पुण्या-मुंबईच्या एखाद्या डॉक्टरांचे मधुमेहावरील संभाषण चालू असते आणि घरातील ज्येष्ठ मंडळी ते लक्ष देऊन ऐकतात, हे दृश्य आज नवलाचे राहिलेले नाही. त्या ऐकण्यावरून कोणी जेवणात बदल करतो, कोणी गोळी कमी करतो, कोणी तपासणी करून घेतो. ऐकलेल्या शब्दावरून माणूस स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेऊ लागला की तो शब्द तपासण्याची सोय कोठे आहे, हा प्रश्न उभा राहतो; आणि तो प्रश्न ग्रंथालयाच्या दारातूनच पुढे जातो.

वैद्यक आवाजाच्या वाटेने शिकवण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ पद्यात आहे, याचे एक कारण पाठांतराची सोय हे होय. शिष्य ते मुखोद्गत करीत आणि रुग्णापाशी बसल्यावर योग्य श्लोक त्यांना आठवे. तथापि पाठांतर करणाऱ्याच्या मागे पोथी होती. शंका आल्यास पाठ पडताळता येई, आणि त्यावर टीका लिहिणारे पंडित पुढील शतकांत आपले मतभेदही नोंदवून ठेवीत. आवाज आणि लेख यांची ही जोडी होती.

विसाव्या शतकात आवाजाला यंत्राची साथ मिळाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये डॉ. चार्ल्स हिल ‘रेडिओ डॉक्टर’ या नावाने बीबीसीवरून साध्या घरगुती भाषेत आरोग्याविषयी बोलत आणि लक्षावधी लोक ते ऐकत. हैदराबादेत १९३५ मध्ये नभोवाणी सुरू झाली. ‘दक्कन रेडिओ’ या नावाने ओळखले जाणारे ते केंद्र १९५० मध्ये आकाशवाणीत विलीन झाले. पुढे आकाशवाणीच्या आरोग्यविषयक कार्यक्रमांनी देशभर घराघरांत डॉक्टरांचा आवाज पोहोचविला. १९९० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि आकाशवाणी यांनी मिळून तंबाखू, मद्य व मादक पदार्थांविषयी तीस भागांची मालिका अनेक भाषांतून प्रसारित केली, आणि गोवा व कर्नाटक येथील श्रोत्यांवर तिचा काय परिणाम झाला याची पाहणीही केली. केवळ बोलून न थांबता, बोलण्याचे फळ काय झाले हे मोजण्याचा तो प्रयत्न होता.

डॉक्टरांसाठीचा प्रवाह याच काळात वेगळा वाहत होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील वैद्यकीय संघटनेने १९५० च्या दशकाच्या प्रारंभी ‘ऑडिओ-डायजेस्ट’ हा ध्वनिमुद्रित उपक्रम सुरू केला. ब्रिटनमध्ये डॉ. जॉन ग्रेव्ह्ज आणि डॉ. व्हॅलरी ग्रेव्ह्ज या दांपत्याने १९५७ मध्ये कौटुंबिक डॉक्टरांसाठी ध्वनिफितींची सेवा आरंभिली. खेड्यापाड्यांत एकट्याने व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला शहरातील सभेस जाणे अशक्य असे. फीत मात्र टपालाने त्याच्या घरी येई. म्हणजे ती सेवा एका अर्थाने फिरते ग्रंथालयच होती. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ मध्ये प्रथम छापला गेला. आज ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’, ‘लॅन्सेट’, ‘जामा’ यांसारखी मान्यवर नियतकालिके आपल्या लेखांसोबत ध्वनिमुद्रित चर्चाही देतात. २००८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली विषाणुशास्त्रावरील ‘धिस वीक इन व्हायरॉलॉजी’ ही मालिका मुळात शास्त्रज्ञांच्या गप्पांची. कोविडच्या काळात सामान्य लोकही ती ऐकू लागले. मराठीतही ‘अमुक तमुक’सारख्या मालिकांतून डॉक्टरांशी दीर्घ संभाषणे होऊ लागली आहेत. डॉक्टरांचा आणि लोकांचा, असे जे दोन प्रवाह पन्नास वर्षे वेगळे होते, ते आता एकाच फोनमध्ये येऊन मिळाले आहेत.

या संगमाचे मोल आणि त्यातील धोका समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. हैदराबाद शहरानेच त्याची दोन उदाहरणे पुरविली आहेत. एक डॉक्टरांच्या आपसांतील वादाचे आहे, दुसरे लोकांना उद्देशून उठविलेल्या आवाजाचे.

पहिले उदाहरण क्लोरोफॉर्मचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म सर्वत्र वापरले जाई आणि अधूनमधून रुग्ण टेबलावरच दगावत. हे मृत्यू श्वास थांबल्याने होतात की हृदय थांबल्याने, यावर मोठा वाद होता. हैदराबादेतील वैद्यकीय शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांचे मत ठाम होते : श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाला थेट धोका नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ मध्ये पहिला आणि १८८९ मध्ये दुसरा ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’ नेमण्यात आला. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने एक हजार पौंड दिले आणि ‘लॅन्सेट’च्या वतीने लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन येथे आले. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. ब्रंटन येथे येण्यापूर्वी हृदयाला धोका आहे असे मानणारे होते. प्रयोगांनंतर त्यांनी लॉरी यांच्या मताला दुजोरा दिला. हैदराबादचे नाव जगातील वैद्यकीय नियतकालिकांत गाजले.

आणि तरीही निष्कर्ष अपुरा होता. डॉ. गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखवून दिले की भूल हलकी असताना क्लोरोफॉर्ममुळे हृदयाच्या कप्प्यांची लय विस्कटून एकाएकी मृत्यू येऊ शकतो. श्वासावर लक्ष ठेवण्याचा हैदराबादचा आग्रह योग्यच होता आणि भूलशास्त्राने तो पुढेही मानला. परंतु हृदय निर्धोक आहे हे विधान टिकले नाही. या प्रसंगात ग्रंथालयाच्या सभासदांनी लक्षात घेण्याची गोष्ट अशी : लॉरी हे प्रभावी शिक्षक होते, त्यांच्या आवाजात अधिकार होता, त्यांचे विद्यार्थी त्यांच्या शब्दावर विसंबून होते. हा अधिकार केवळ आवाजापुरता राहिला असता, तर त्यातील चूक शोधणे फार कठीण झाले असते. प्रयोगांचे आलेख आणि वृत्तान्त छापले गेले, म्हणून दुसऱ्या देशातील दुसऱ्या माणसांना ते वाचून प्रश्न विचारता आले. हैदराबादच्या आयोगाचा खरा गौरव त्याच्या निष्कर्षापेक्षा त्याने मागे ठेवलेल्या छापील पुराव्यात आहे.

आजच्या डॉक्टरांच्या ध्वनिमालिकांना हीच कसोटी लावली पाहिजे. दोन तज्ज्ञ गप्पा मारतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक मोकळेपणा असतो. छापील लेखात न येणारी शंका, एखाद्या रुग्णाच्या बाबतीत आलेला पेच, ‘हे औषध पुस्तकात आहे, पण व्यवहारात असे घडते’ हा अनुभव, हे सारे तेथे ऐकावयास मिळते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या तरुण डॉक्टरला याचा लाभ मोठा आहे. परंतु ज्या संशोधनाविषयी ते बोलत आहेत त्याचा छापील लेख ऐकणाऱ्याला सापडला नाही, तर ते ज्ञान अर्धेच राहते.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आणि घरगुती आहे : जुलाबांत द्यावयाच्या मीठ-साखरेच्या पाण्याचे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात मिश्रण करून ते पिंपांतून ठेवविले, आणि रुग्णांच्या नातलगांनाच पाजावयास सांगितले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. या मिश्रणाची माहिती सीमेवर पत्रकांतून वाटली गेली, आणि बांगलादेशाच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही सांगितली गेली. डॉक्टर जेथे पोहोचू शकत नव्हते तेथे आवाज पोहोचला. त्या आवाजाच्या सोबत पत्रक होते आणि प्रमाण ग्रॅममध्ये ठरलेले होते. महालनबीस यांनी १९७३ मध्ये हा सारा अनुभव शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने या उपचारामागील शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतींत केली. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

याच मिश्रणाचे ‘ओआरएस’ हे नाव पुढे घरोघरी रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एका लिटरात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते. मात्र नावाची पत पाहून औषधांच्या दुकानांत भरपूर साखर असलेली गोड पेयेही तशाच नावांनी विकली जाऊ लागली. जुलाब होणाऱ्या मुलाला असे पेय पाजले, तर जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढू शकतात. आईने मात्र औषधच दिल्याच्या समाधानात वेळ घालविलेला असतो.

हैदराबादेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध सुमारे आठ वर्षे आवाज उठविला. पालकांशी थेट बोलणाऱ्या ध्वनिचित्रफिती, शासकीय यंत्रणेकडे पत्रव्यवहार आणि न्यायालयात याचिका, अशा तिन्ही वाटांनी त्यांनी हा विषय लावून धरला. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये प्रथम या नावास मनाई केली, नंतर त्याच वर्षी खुलाशाची ओळ छापण्याच्या अटीवर सवलत दिली, आणि अखेर १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने ती सवलत मागे घेऊन पेयांच्या नावांत ‘ओआरएस’ वापरण्यास बंदी केली. एका डॉक्टरांचा आवाज लोकांपर्यंत पोहोचल्याने काय घडू शकते याचे हे ठसठशीत उदाहरण होय. परंतु हे केवळ आवाजाने घडले असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांच्या बोलण्यामागे जागतिक आरोग्य संघटनेचे छापील सूत्र होते. बाटलीवरील साखरेचा आकडा आणि सूत्रातील आकडा शेजारी शेजारी ठेवून कोणत्याही पालकाला ते पडताळता येत होते. जे ऐकले ते तपासता आले, म्हणून ते टिकले.

या दोन उदाहरणांच्या प्रकाशात ऐकण्याच्या मर्यादाही स्पष्ट होतात. पहिली मर्यादा आकड्यांची. घरी ओआरएसची पुडी नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, असे प्रमाण सांगितले जाते. हे एकदाच ऐकणाऱ्याच्या मनात ‘सहा’ आणि ‘अर्धा’ यांची अदलाबदल झाली तर बाळाच्या पोटात घातक प्रमाणात मीठ जाईल. कागदावर लिहिलेले प्रमाण स्वयंपाकघरात ओट्याजवळ चिकटवून ठेवता येते. कानाने ऐकलेले गडबडीच्या क्षणी दगा देऊ शकते.

दुसरी मर्यादा धोक्याच्या मोजमापाची. एखाद्या औषधाने ‘धोका निम्मा झाला’ असे डॉक्टर आपसांत बोलतात. हजारांत दोनशे जणांना होणारा त्रास शंभरांवर आला तरी तो निम्मा, आणि हजारांत दोघांना होणारा त्रास एकावर आला तरी तोही निम्माच. पहिल्या औषधासाठी पैसे व दुष्परिणाम सोसणे शहाणपणाचे ठरेल, दुसऱ्यासाठी कदाचित नाही. डॉक्टर श्रोता हा भेद मनात जाणून असतो. सामान्य श्रोता ‘निम्मा’ हा एकच शब्द घेऊन उठतो.

तिसरी मर्यादा काळाची. पुस्तकावर आवृत्तीचे वर्ष असते. ध्वनिमुद्रण सहा वर्षांपूर्वीचे असले तरी आवाज आजच्याइतकाच ताजा वाटतो. कोविडच्या आरंभीच्या महिन्यांत सांगितले गेलेले अनेक उपचार पुढे मागे पडले. त्या वेळची मुद्रणे मात्र फोनांतून फिरतच राहिली. त्यांतील कित्येकांवर बोलणाऱ्याचे खरे नावही नव्हते. ‘पुण्याचे एक मोठे डॉक्टर सांगतात’ एवढ्या ओळखीवर लोकांनी काढे घेतले आणि औषधे साठविली.

आता भाषेचा प्रश्न. हैदराबादला त्याचा इतिहास मोठा आहे. येथील वैद्यकीय शाळा १८४६ मध्ये स्थापन झाली आणि तिचे सुरुवातीचे अध्यापन उर्दूतून होते. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातही १८६१ पासून मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग चालविले गेले होते. पुढे उस्मानिया विद्यापीठाच्या निमित्ताने १९१७ मध्ये येथे भाषांतर विभाग स्थापन झाला, आणि वैद्यकासह अनेक शास्त्रांची पाठ्यपुस्तके उर्दूत आणण्याचा प्रचंड उद्योग झाला. १९४८ नंतर ते माध्यम बदलून इंग्रजी आले. त्या प्रयोगाचे गुणदोष काहीही असोत, एक गोष्ट त्यातून शिकता येते : शास्त्र एखाद्या भाषेत बोलता यावयाचे असेल तर त्या भाषेत आधी शब्द घडवावे लागतात, आणि ते कोशांतून व ग्रंथांतूनच घडतात.

हैदराबादच्या मराठी रुग्णाची स्थिती आज विचित्र आहे. दवाखान्यात डॉक्टर तेलुगू, दखनी किंवा इंग्रजी बोलतात. कागदपत्रे इंग्रजीत असतात. रुग्णाला त्रास मात्र मराठीत होतो. ‘शोष पडतो’, ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीत भरून येते’ या शब्दांत जो नेमकेपणा आहे तो ‘प्रॉब्लेम आहे’ या दोन शब्दांत येत नाही. मराठी ध्वनिमालिकांचे खरे मोल येथे आहे. ज्येष्ठ श्रोत्याला आपल्या व्याधीचे नाव, तिची कारणे आणि डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न आपल्या भाषेत मिळतात. दृष्टी मंदावलेल्या सभासदाला तर कानाचाच आधार असतो. परंतु दर वाक्यात पाच इंग्रजी संज्ञा घालून केलेले संभाषण मराठी म्हणवून घेण्यास पात्र नाही, आणि ते श्रोत्याच्या उपयोगाचेही नाही.

मग चांगल्या वैद्यकीय ध्वनिमालिकेची ओळख कोणती? बोलणाऱ्याचे नाव, त्याची पदवी आणि त्याचा विषय सांगितलेला असावा. मुद्रणाची तारीख असावी. ज्या संशोधनाचा वा मार्गदर्शिकेचा आधार घेतला ते नाव घेऊन सांगावे. कार्यक्रमाचा खर्च कोणी केला, एखादी औषध कंपनी त्यामागे आहे काय, हे लपवू नये. रुग्णाची हकीकत सांगताना त्याची ओळख पटू नये. आणि नंतर मत बदलले तर तसे स्पष्ट जाहीर करावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी डॉक्टरांच्या व्यवसायवर्तनाची नवी नियमावली अधिसूचित केली होती. तीत समाजमाध्यमांवरील वर्तनाचेही नियम होते. परंतु त्याच महिन्यात ती स्थगित करण्यात आली. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे. कायदा असो वा नसो, श्रोत्याची स्वतःची जागरूकता हाच पहिला बांध होय.

या जागरूकतेसाठी साधने शहरातच उपलब्ध आहेत. १९५८ मध्ये कुन्नूरहून हैदराबादेत आलेली राष्ट्रीय पोषण संस्था तार्नाका येथे आहे. तिने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सतरा मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तेल, साखर, मीठ, ज्वारी-बाजरी यांविषयी ध्वनिमालिकेत जे ऐकले ते या छापील तत्त्वांशी ताडून पाहणे कोणत्याही सभासदाला शक्य आहे.

येथे ग्रंथालयाच्या कार्याचा नवा भाग सुरू होतो. कार्य मोठ्या खर्चाचे नाही. आरोग्यविषयक एक कपाट असावे. त्यात शासकीय मार्गदर्शिका, विश्वसनीय मराठी आरोग्यग्रंथ आणि वैद्यकीय परिभाषेचे कोश असावेत. त्या कपाटाशेजारी एक नोंदवही असावी. सभासदांनी ऐकलेल्या मालिकेचे नाव, वक्ता, तारीख आणि त्यातील मुख्य विधान तीत लिहावे. महिन्यातून एकदा शहरातील एखाद्या मराठी डॉक्टरांना बोलावून एक भाग सर्वांनी मिळून ऐकावा आणि नोंदवहीतील विधानांवर खुली चर्चा व्हावी. जे विधान चुकीचे वा जुने ठरेल त्यापुढे तशी नोंद व्हावी. गोळी कमी करावी की नाही याचा निर्णय त्या सभेत होणार नाही. तो आपापल्या डॉक्टरांपाशीच व्हावयाचा. मात्र डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारावा हे सभासद तेथून निश्चित शिकून जाईल.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी परभाषिक राजधानीत मराठी ग्रंथांचा संग्रह आरंभिला, त्यांची श्रद्धा अशी होती की आपल्या भाषेत वाचणारा माणूस सहसा फसविला जात नाही. आता वाचणाऱ्यासोबत ऐकणाराही या दारात उभा आहे. बनगावच्या छावणीत आवाजासोबत पत्रक होते, आणि हैदराबादच्या क्लोरोफॉर्म आयोगाची चूक छापील वृत्तान्तामुळे सुधारता आली. ऐकणाऱ्याच्या हाती तसा कागद देणे हे या ग्रंथालयाचे दुसऱ्या शतकातील काम ठरावे. सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी या योजनेचा विचार करावा, एवढीच या निमित्ताने विनंती.